डोके पोकळ करण्याची विद्या

दिवाळीचा किल्ला करणाऱ्या मुलांना एक गोष्ट फार लवकर कळते. लहान मावळे भरीव असतात आणि सिंहासनावरचे महाराज पोकळ असतात. मोठी माणसे महाराजांना समोरून पाहून नमस्कार करतात. मुले त्यांना उलटे करून पाहतात. वयाच्या सातव्या वर्षी मीही हा अपराध केला होता. तळाशी अंगठा जाईल एवढे भोक होते, आत अंधार होता आणि त्या अंधारात कुंभाराच्या बोटांचे ठसे होते. मी धावत अण्णांकडे गेलो आणि विचारले, "महाराज आतून रिकामे का?" अण्णांनी हिशेबाच्या वहीतून डोके वर न काढता सांगितले, "माती वाचते."

हिशेबनीसाला शोभेसे उत्तर होते. ते अपुरे आहे हे कळायला मला चाळीस वर्षे लागली, आणि कळले तेही अण्णांच्याच डोक्यापायी.

या पानाच्या नेहमीच्या वाचकांना आमचे अण्णा परके नाहीत. भिवंडीतल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षे हिशेब लिहिला. कचेरी आणि मागांची शेड यांच्यामध्ये एक पत्र्याचा पडदा होता, तो डोळ्यांपुरता. कानांना पडदा नव्हता. ज्यांनी भिवंडीत रात्र काढली आहे त्यांना मागांची ती खटखट ठाऊक असेल. पाहुण्यांना तिच्यामुळे झोप येत नाही आणि आम्हां गावकऱ्यांना ती थांबली की जाग येते. अण्णांचा डावा कान त्या खटखटीने घेतला. मग कोणी बोलू लागले की ते मान किंचित डावीकडे वळवून आणि जराशी झुकवून उजवा कान पुढे करीत. पाहणाऱ्याला वाटे, हा गृहस्थ किती आस्थेने ऐकतो आहे! माझी खात्री आहे की गावात त्यांना जो मान होता त्यातला निम्मा या झुकलेल्या मानेने मिळवून दिला होता.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात अण्णा गेले.

आमची थोरली मुंबईला शिल्पकला शिकते. मराठीच्या प्राध्यापकाच्या पोटी शिल्पकार निपजावा याचे आमच्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांना अजून नवल वाटते. मला वाटत नाही. शब्दांनी या घरात कुणाचे पोट फारसे भरत नाही हे तिने लहानपणापासून पाहिले आहे. तर गेल्या वर्षी मेच्या सुटीत ती घरी आली, मागच्या पडवीत एक जुने टेबल ओढले, कुंभाराकडून माती आणली आणि तीत कौलाची बारीक पूड मळून तिचा एक लाकडी खुंटीभोवती गोळा उभा केला. आईने विचारले, "हे काय ग?" ती म्हणाली, "आजोबा."

पहिले चार दिवस तो गोळा कुणाचाही आजोबा होऊ शकला असता. मी येता-जाता पाही आणि मनात म्हणे, नाक बरे आहे. एकदा तिने दोन्ही गाल तळहातांनी दाबून आत ढकलले, एकदा कपाळावर मूठभर माती थापली, एकदा तर हनुवटी कापून टाकून नवी लावली. मी म्हटले, "अग, आधीच नीट ठरवून का करीत नाहीस?" त्यावर तिने मला जे सांगितले ते मी वर्गात निबंधलेखन शिकवताना आता वापरतो. ती म्हणाली, "बाबा, पहिल्यापासून पोकळ करीत गेलं तर आधी सगळं ठरलेलं असावं लागतं. मडकं तसं करतात. वळकट्या एकावर एक चढवीत मोठा पुतळाही तसा करता येतो. पण पोकळ वस्तू दाबली की बसते. भरीव असली की कितीही दाबा, ती हाताला उलटून उत्तर देते. मला आजोबा अजून सापडायचे आहेत, म्हणून भरीव." मग जराशाने म्हणाली, "आतलं नंतर काढून टाकायचं."

हे शेवटचे वाक्य मी त्या वेळी कानावेगळे केले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी चहाचा कप घेऊन पडवीत गेलो आणि दारातच थांबलो. तिने मान वळवली होती. डावीकडे, किंचित, आणि जराशी झुकवून. नाक, कपाळ, ओठ सगळे कालचेच होते. पण काल तो म्हातारा होता आणि आज अण्णा होते. माझे काहीतरी बोलायचे राहिले आहे आणि ते ऐकायला ते थांबले आहेत, असे वाटले. मी कप ठेवला आणि आईला हाक मारली. आई आली, पाहिले, आणि काही न बोलता पदराने टेबलाची कड पुसू लागली.

इथे वाचकांच्या मनात एक शंका आली असेल, कारण ती माझ्याही मनात आली होती. पुतळे करणारे एवढे मोठमोठे शिल्पकार मातीतच काम करतात. ते कुठे पुतळ्याची डोकी कापून आतली माती काढतात? आमच्या शेजारच्या कल्याणचे सदाशिव साठे घ्या. गेटवे ऑफ इंडियासमोरचा त्यांचा अश्वारूढ शिवाजी २६ जानेवारी १९६१ रोजी उभा राहिला. डोंबिवलीला त्यांचे शिल्पालय आहे आणि आमच्या थोरलीला मी शाळेत असतानाच ते दाखवले होते. (त्याचा परिणाम असा होईल हे ठाऊक असते तरीही दाखवले असते.) पण ब्राँझच्या पुतळ्याची गोष्ट निराळी. त्यात माती ही वाटेवरची धर्मशाळा. आत लोखंडी सांगाडा, त्यावर माती, मातीवरून प्लॅस्टरचा साचा, आणि साचा सुटताना मूळ माती मोडून जाते. ती भट्टीत जायचीच नसते, मग पोकळ कशाला करायची? गणपतराव म्हात्र्यांनी विद्यार्थिदशेत केलेली 'मंदिरपथगामिनी' १८९६ साली प्रदर्शनात आली आणि गाजली, तीही प्लॅस्टरमध्ये. तिच्या मातीचे काय झाले हे कोण विचारतो?

थोरलीला साचा नको होता. तिला तीच माती हवी होती; जिला तिची बोटे लागली होती, तीच. ती भाजून टिकवायची होती. आई म्हणाली, "भाजायचंच कशाला? गणपती कुठे भाजतात?" प्रश्न रास्त होता. पण गणपती भाजत नाहीत, कारण तो पाण्यात विरघळायचा असतो. न भाजलेली माती टिकतच नाही असेही नाही. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या कच्च्या मातीच्या देवी मिळाल्या आणि त्यांपैकी एकीला डोकेच नाही. पण त्या जमिनीखाली निवांत होत्या. आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला जूनपासून ओल येते. तिथे कच्चे अण्णा दोन पावसाळेही काढते ना.

तेव्हा भाजायचे ठरले. आणि मग थोरलीने तार काढली.

बारीक, दोन्ही टोकांना लाकडाच्या चिपा बांधलेली तार. कुंभार चाकावरचे मडके दोऱ्याने कापून उतरवतो, तसलाच प्रकार. खुंटी तिने आधीच हलकेच काढून घेतली होती, कारण माती वाळताना आवळते आणि आतले लाकूड आवळत नाही. आता ती मला समजावून सांगू लागली. कपाळाच्या वर, केसांतून, दोन्ही कानांच्या मागून तार ओढायची. डोक्याचा मागचा भाग टोपीसारखा सुटा होईल. आतली माती कोरून काढायची, बोटभर जाडीचे कवच ठेवायचे आणि टोपी पुन्हा चिकटवायची. "शिवण केसांत लपून जाते, बाबा. कुणाला कळत नाही."

मी म्हटले, "नाही."

ती हसली. तिला वाटले मी थट्टा करतो आहे. मी म्हटले, "अण्णांच्या डोक्याला तार लावायची नाही."

या 'नाही'चे कारण मी तेव्हा तिला सांगितले नाही. सांगता आले नाही. आज इथे सांगतो. आमच्याकडे मुलगा पाण्याने भरलेले मडके खांद्यावर घेऊन चितेभोवती तीन फेऱ्या घालतो आणि प्रत्येक फेरीला मागून कोणीतरी दगडाने त्या मडक्याला भोक पाडतो. मग ते मागे टाकून फोडायचे आणि वळून पाहायचे नाही. नऊ महिन्यांपूर्वी मी ते केले होते. खांद्याला बसलेला तो हलकासा धक्का आणि पाठीवरून ओघळलेले गार पाणी अजून माझ्या अंगावर होते. आता पुन्हा माती, पुन्हा अण्णा आणि पुन्हा कोणीतरी मागून काहीतरी घेऊन उभे. मला ते झेपण्यासारखे नव्हते.

पण प्राध्यापकाने भावनेचे कारण दिले तर तो प्राध्यापक कसला? मी युक्तिवाद केला. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना वीटभट्ट्या आहेत. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे तिथे येऊन राहतात आणि उन्हाळा संपेपर्यंत लाखो विटा पाडतात. त्या रस्त्याने मी कित्येक वेळा गेलो आहे. मी म्हटले, "वीट भरीव असते. तिला कोणी पोकळ करीत नाही. ती फुटते का?" थोरली गप्प बसली. तिच्याजवळ उत्तर होते, पण वडिलांच्या चेहऱ्यावर काय होते तेही तिने पाहिले असावे. शेवटी तडजोड झाली. डोके कापायचे नाही. मानेच्या तळातून हात जाईल तेवढेच कोरायचे. तिचा हात जबड्यापर्यंत पोचला. कवटी भरीवच राहिली.

मी दुसरी चूक केली ती घाईची. तीन आठवडे झाले, जून तोंडावर आला, तिचे कॉलेज उघडायचे होते आणि पाऊस लागला की कुंभाराचा आवा बंद. आमचा कुंभार नदीच्या अंगाला राहतो. मी डोके त्याच्याकडे नेले तेव्हा त्याने ते उचलून पाहिले आणि म्हणाला, "सर, लई जड लागतंय." मग एक चमत्कारिक गोष्ट केली. अण्णांच्या कपाळाला स्वतःचा गाल लावला. क्षणभर तसाच राहिला आणि म्हणाला, "गार आहे. आत अजून पाणी आहे." मला वाटले, सावलीत ठेवलेली माती गार लागणारच. मी म्हटले, "बाहेरून तर पांढरी फटक पडली आहे." तो म्हणाला, "बाहेरून." पण गिऱ्हाइकाचा शब्द, त्यातून मास्तर. त्याने डोके आव्यात मडक्यांच्या मधोमध ठेवले, वर गोवऱ्या, लाकूड, भाताचे तूस रचले, आणि हलका धूर देत दुपारी पेटवण केली.

आई आणि थोरली दोघीही आल्या होत्या. दोन तास काही झाले नाही. मग आव्यातून एक आवाज आला. फार मोठा नव्हता, भिंतीआड नारळ फोडावा तसा. आणि मागोमाग आणखी दोन. कुंभाराने माझ्याकडे पाहिले नाही. तो तुसाच्या ढिगाकडे पाहत राहिला. हा त्याचा चांगुलपणा मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी आवा निवल्यावर राखेतून काय निघाले ते सांगतो. मान अखंड, सुंदर भाजलेली, तांबूस. जिथपर्यंत थोरलीचा हात पोचला होता तिथपर्यंत माझ्या लेकीचे काम शाबूत होते. त्यावर खापऱ्या. कपाळाची एक खापरी, नाकाचा शेंडा आणि एक पुरता कान. शिवाय कुंभाराची अकरा मडकी फुटली होती. त्यांचे पैसे त्याने घेतले नाहीत, मी ते त्याच्या नातवाच्या हातात ठेवले. आईने राखेतून तो कान उचलला, पदराने पुसला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "राहिला तोही नेमका बहिराच."

मग थोरली हसली, आणि मग रडली.

विटेचे उत्तर मला कुंभाराने दिले. "सर, विटेला नाक-कान असतात का?" वरवर विनोद, पण त्यात सगळे शास्त्र आहे. विटेची जाडी सगळीकडे एक. त्यामुळे ती सारखी वाळते, सारखी तापते. डोक्याचे तसे नाही. कान बोटाएवढा जाड आणि कवटी वीतभर. कान वाळून आवळला तरी कवटीच्या पोटातली माती ओलीच असते. शिवाय विटेच्या मातीत तूस आणि राख मिसळलेली असते. तूस जळते आणि त्याच्या जागी बारीक वाटा मोकळ्या होतात. भट्टी कित्येक दिवस धुमसत राहते, उष्णता मुंगीच्या पावलाने आत शिरते. इतके करूनही प्रत्येक भट्टीतून तडकलेल्या विटा निघतातच; त्या रोड्यासाठी जातात आणि आपल्या नजरेस पडत नाहीत. माझा युक्तिवाद फक्त न फुटलेल्या विटा पाहून केलेला होता.

बाकीचे पुस्तकात आहे. पाणी १०० अंशांना उकळले की त्याच्या वाफेला मूळच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. माती वाळली असे आपण म्हणतो तेव्हाही तिच्या कणाकणाशी बांधलेले पाणी तिच्यात असते. ते पुढे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान सुटते. कवच बोटभर असले तर वाफ शांतपणे बाहेर पडते. वीतभर असले तर ती वाट पाहत नाही. माती मळताना हवेचा बुडबुडा राहिला म्हणून मूर्ती फुटते असे पुष्कळ जण सांगतात आणि मळणाऱ्याला दोष देतात. पोकळ मूर्तीच्या पोटात तर केवढा मोठा बुडबुडा असतो! फोडते ते पाणी. आणि भरीव वस्तू भाजताच येत नाही असेही नाही. महिनोन् महिने वाळवायला आणि दिवसचे दिवस हळूहळू तापवायला तयार असाल तर येते. मला तीन आठवडेही जास्त वाटले होते.

त्या पावसाळ्यात मी या विषयाचे जे हाती लागेल ते वाचले. अपराधी माणूस फार वाचतो. चीनमध्ये शीआनजवळ १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना बावीसशे वर्षांपूर्वीचे मातीचे सैनिक सापडले. पुरुषभर उंचीचे ते शिपाई पायांत भरीव आहेत, म्हणजे भार पेलतात, आणि धडात पोकळ. रोमचा बर्निनी संगमरवराला हात घालण्याआधी मातीत छोटे नमुने करी. सतराव्या शतकातले ते नमुने अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत आणि त्यांवर बोटांचे ठसेही सापडले आहेत. एवढ्या दूर जायचे कारण नव्हते. ऑक्टोबरात एका परीक्षेच्या कामासाठी मला धाराशिवला जावे लागले, तेव्हा वाट वाकडी करून तेरला गेलो. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मातीच्या बाहुल्या आहेत; पांढरट, गुळगुळीत, केसांची ठेवण अशी की आजही एखादीने हौसेने करावी. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा; दोन्हींत माती दाबायची, अर्धुके एकमेकांना चिकटवायची. आत पोकळी. बाजूने पाहिले तर शिवण दिसते. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभा होतो. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तेरणाकाठच्या माणसाला जे ठाऊक होते ते मला वाड्याच्या रस्त्यावरच्या विटांनी शिकू दिले नव्हते.

दिवाळीच्या सुटीत थोरली आली. मी तिला काही म्हणालो नाही. तिने आपणहूनच पडवीतले टेबल पुन्हा ओढले. या खेपेस चार दिवसांत काम उभे राहिले. हात वाट ओळखत होते. मान वळली, झुकली. मग तिने ओले फडके गुंडाळून ते ठेवून दिले आणि दर दोन तासांनी बोट लावून पाहू लागली.

स्वयंपाकघरात त्याच वेळी खोबऱ्याच्या वड्या चालल्या होत्या. आईने ताटात सारण थापले होते आणि तीही मधूनमधून बोट लावून पाहत होती. मी पडवीच्या दारात घुटमळत होतो. आईने सुरी हातात घेतली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वड्या पाडायची एक वेळ असते रे. आधी पाडल्या तर मोडतात, नंतर पाडायला गेलं तर सुरी लागत नाही. जा, तिला हात दे."

मातीचेही तेच आहे. सुरी जाते पण बोट दबत नाही, अशी एक अवस्था असते. ती दिवसभरही टिकत नाही. मी गेलो. थोरलीने तारेची एक चीप माझ्या हातात दिली. कपाळाच्या वरून, केसांतून, कानांच्या मागून. तार ओढताना जोर लागला नाही. टोपी सुटली, तिने ती ओल्या फडक्यावर उताणी ठेवली आणि मला म्हणाली, "तुम्ही काढा." दांड्याला तारेचा फास बसवलेले तिचे हत्यार मला धरता येईना, म्हणून मी सौभाग्यवतींचा एक जुना चमचा घेतला.

आत काय होते? माती. बाहेरच्यापेक्षा काळपट, ओली, पहिल्या दिवशीचा गोळा होती तशीच. तिच्यावर अण्णांचे काहीही नव्हते. मी ती खरवडून पाटीत टाकत गेलो. कपाळाच्या मागे आलो, मग नाकाच्या मुळाशी. थोरलीने बाहेरून टाचणी टोचून ठेवल्या होत्या. चमच्याला टोक लागले की थांबायचे, म्हणजे कवच बोटभर राहते. बाहेरून तिने अण्णांच्या गालाला तळहाताचा आधार दिला होता आणि आतून माझा अंगठा फिरत होता. मधे बोटभर माती. एकदा तिने विचारले, "दमलात का?" मी नुसती मान हलवली. पाटीत तीन-चार किलो माती जमली. आमच्या संपादकांना लेखातला मजकूर कापताना काही वाटत नाही असे मी आजवर समजत आलो. त्या दिवसापासून मी तसे बोलणे सोडले आहे.

मग दोन्ही कडांवर सुरीने आडव्यातिडव्या रेघा, त्यांत रबडीएवढा घट्ट चिखल, टोपी जागच्या जागी आणि सगळीकडून दाब. शिवण तिने केसांत मुरवली. मानेखाली भोक उघडे राहिले. पुढे दीड महिना डोके पडवीत आधी फडक्याखाली, मग कागदाखाली, मग उघडे असे वाळले. पौषात कुंभाराने त्याला पुन्हा गाल लावला आणि काही बोलला नाही. आवा रचायला घेतला.

डोके अखंड निघाले. वाळताना आणि भाजताना माती शेकडा आठ-दहा आवळते, त्यामुळे आमचे अण्णा जन्मात नव्हते एवढे लहानखुरे दिसतात. खरे सांगायचे तर पहिले डोके जास्त साधले होते. थोरलीलाही ते ठाऊक आहे. दोघांपैकी कोणीही ते बोलत नाही. बहिरा कान आईच्या सुपारीच्या डब्यात आहे.

परवा दिवाळीची झाडलोट काढली. आईने दोन्ही हातांनी डोके कपाटावरून उतरवले, पुसले आणि परत ठेवताना असे ठेवले की उजवा कान दाराकडे आला. मी म्हटले, "आई, चेहरा भिंतीकडे गेला. आल्यागेल्याला दिसणार नाही."

"असू दे," आई म्हणाली, "कोण आलं ते त्यांना कळायला नको?"